घरच्या यंत्रावर एस्प्रेसो: आधी दळण, वजन, वेळ, बाकीचं नंतर

कॉफीवेल्हाळ

घरी एस्प्रेसोचं यंत्र घेतलेल्यांचे प्रश्न फिरून फिरून त्याच जागी येतात. कॉफी आंबट लागते, पाणचट येते, एक दिवस छान आणि दुसऱ्या दिवशी घशाखाली उतरत नाही. म्हणून हा वेगळा धागा. कोणतं यंत्र घ्यावं ही चर्चा इथे नको, ती कधी संपत नाही. हाताशी आहे त्या यंत्रातून चांगला शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, कसा काढायचा एवढंच बोलू.

सुरुवात बास्केटपासून करा. पोर्टाफिल्टर म्हणजे यंत्रात अडकवायचा दांड्याचा भाग, त्यातली कॉफी भरायची जाळी ही बास्केट. ती उलटी करून उजेडात धरा. आतून शेकडो भोकं, पण बाहेरून एकच बारीक छिद्र दिसत असेल तर ती दुहेरी तळाची बास्केट. तिच्यात दाब कॉफीमुळे तयार होत नाही, त्या एका छिद्रामुळे होतो. त्यामुळे दळण कसंही असलं तरी वर फेस येतो. पण तो क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवर येणारा दाट तपकिरी थर, नव्हे, छिद्रातून फवारा मारल्यामुळे झालेला फेस. ही बास्केट असेपर्यंत तुम्ही केलेला कुठलाही बदल कपात नीट कळणार नाही. साध्या, एकेरी तळाची बास्केट आपल्या मापाची मागवा. बाजारातली बरीच छोटी यंत्रं ५१ मिमीची, ब्रेव्हिलची बांबिनोसारखी यंत्रं ५४ मिमीची आणि गाजिया क्लासिकसारखी ५८ मिमीची असतात. टॅम्परही, म्हणजे कॉफी दाबायचा ठोकळाही, त्याच मापाचा हवा, यंत्राबरोबर येणारा प्लास्टिकचा ठेवून द्या.

एकेरी बास्केट आली की ग्राइंडरला पर्याय नाही. पात्यांचा मिक्सर चालणार नाही, कारण त्यात भुकटी आणि भरड एकत्रच निघतात. पाणी भरडीतून पळतं आणि भुकटीत अडकतं, म्हणून एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही. बर असलेला, म्हणजे दोन दातेरी भागांमध्ये बिया चिरडून दळणारा ग्राइंडर हवा, आणि त्याचे जाड-बारीक करायचे टप्पे पुरेसे बारीक हवेत. एका टप्प्याला शॉट दहा सेकंदांनी हलत असेल तर तो फिल्टर कॉफीपुरता ठीक. हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये वनझेडप्रेसो जे-अल्ट्राचा एक टप्पा ८ मायक्रॉनचा आहे, किनग्राइंडर के६चा १६ मायक्रॉनचा. दोन्हींवर एस्प्रेसो जमते, पहिल्यावर नेम साधणं सोपं जातं. पैसे मर्यादित असतील तर यंत्रावर कमी आणि ग्राइंडरवर जास्त घाला, हे माझं ठाम मत.

तिसरी वस्तू ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा. सोनार वापरतात तसा छोटा चालतो, फक्त तो कपाखाली, ठिबकपात्रावर मावला पाहिजे. चमच्याने कॉफी मोजू नका आणि मिलिलिटरने शॉट मोजू नका. क्रेमा ताज्या कॉफीत जास्त, शिळीत कमी, त्यामुळे आकारमान फसवतं.

सुरुवातीचं प्रमाण: ५८ मिमीला १८ ग्रॅम कोरडी कॉफी, कपात ३६ ग्रॅम, पंप सुरू केल्यापासून २५ ते ३० सेकंद. ५१ मिमीच्या डबल शॉटच्या बास्केटला १४ ग्रॅमवरून २८. इटलीतल्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेचं माप एका कपाला ७ ग्रॅम, २५ सेकंद, २५ मिलि असं आहे, तेही याच्या फार दूर नाही. पण त्यांची कॉफी जास्त भाजलेली असते. आपल्याकडच्या मध्यम भाजणीला १:२, म्हणजे कोरड्या कॉफीच्या दुप्पट वजन कपात, किंवा थोडं जास्तच बरं.

आता क्रम. पोर्टाफिल्टर यंत्रात लावून ठेवूनच यंत्र तापवा. पोर्टाफिल्टर जिथे बसतो तो भाग म्हणजे ग्रुप. जड पितळी ग्रुप असलेल्या ई६१ धाटणीच्या यंत्राला अर्धा तास तरी द्या. लहान थर्मोब्लॉक, म्हणजे वाहतं पाणी तापवणारा ठोकळा, मिनिटाभरात तयार असल्याचा दिवा लावतो, पण पोर्टाफिल्टर गारच असतो. म्हणून कॉफीशिवाय एक-दोन कप गरम पाणी त्यातून सोडा आणि बास्केट कोरडी पुसा. बिया वजन करून, पाण्याचा एक फवारा मारून, ढवळून ग्राइंडरमध्ये टाका. या पाण्याने स्थिर वीज कमी होते आणि भुकटी भिंतींना चिकटत नाही. ओरेगन विद्यापीठातल्या हेंडन यांच्या गटाने २०२३ मध्ये यावर शोधनिबंधच प्रसिद्ध केला आहे.

दळलेली कॉफी बास्केटमध्ये आली की ०.३ ते ०.४ मिमी जाडीच्या सुयांनी तळापासून वरपर्यंत ढवळून गाठी फोडा. चार-पाच ॲक्युपंक्चरच्या सुया बुचात खोचल्या तरी काम होतं. मग टॅम्पर सरळ ठेवून दाबा. किती जोर, हा प्रश्न फार विचारला जातो. कॉफी दबायची थांबली की झालं, त्यापुढे जोर लावून फरक पडत नाही. सपाटी मात्र महत्त्वाची. एक बाजू वर राहिली तर पाणी पातळ बाजूने निघून जातं.

शॉट सुरू करा, घड्याळ लावा. ३४ ग्रॅमला बंद करा, उरलेलं ठिबकून ३६ होतं. वेळ लिहून ठेवा, चव लिहून ठेवा. आणि दोन शॉटच्या मध्ये एकच गोष्ट बदला.

सोनटक्का

फार उपयोगी धागा. माझी अडचण सांगते. ५१ मिमीचं थर्मोब्लॉक यंत्र, एकेरी बास्केट, १४ ग्रॅम. २८ ग्रॅम अवघ्या ११ सेकंदांत येतात. चव आंबट आणि पातळ. आणखी बारीक दळण घातलं तर थेंबच पडत नाही, मग एकदम एका बाजूने पिचकारी. मधलं काही मिळतच नाही.

कॉफीवेल्हाळ

सोनटक्काताई, तुमच्याकडे दोन गोष्टी एकात मिसळल्या आहेत. ११ सेकंद म्हणजे दळण जाड, हे उघड आहे. पण बारीक केल्यावर आधी अडून मग पिचकारी म्हणजे दाबलेल्या कॉफीच्या चकतीला भेग पडून पाणी तिथून घुसलं. दळणावर परत जाण्याआधी हे पाहा:

सुयांनी ढवळताना तळ गाठला जातोय का? वरवर ढवळलं तर खालच्या गाठी तशाच राहतात.

कॉफी जास्त भरली आहे का? दाबलेल्या कॉफीवर एक नाणं ठेवा, पोर्टाफिल्टर घट्ट लावा आणि पंप न चालवता काढा. नाणं कॉफीत रुतलेलं दिसलं तर १ ग्रॅम कमी करा. ५१ मिमीच्या बास्केट कागदावर १४ ग्रॅमच्या असल्या तरी त्यांच्या उंचीत फरक असतो. कॉफी फुगायला जागा नसली की वरच्या जाळीला घासून चकती फुटते.

आणि पोर्टाफिल्टर लावताना त्याला धक्का बसतोय का? दाबल्यानंतर कडेला टकटक करायची सवय असेल तर ती सोडा, कडेची पकड सुटते.

हे झाल्यावर ग्राइंडर दोन टोकांच्या बरोबर मध्ये ठेवा आणि तिथून एकेक टप्पा हलवा. टप्पा बदलल्यावर पहिल्या ३-४ ग्रॅममध्ये आधीचं जाड दळण मिसळलेलं असतं, ते टाकून द्या. नाहीतर पहिला शॉट खोटं सांगतो.

वऱ्हाडी_ठसका

सोनटक्का, बिया किती दिवसांच्या आहेत? पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल, फक्त 'बेस्ट बिफोर' असेल, तर त्या बियांवर मेहनत घेऊ नका. शिळ्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो, पाण्याला अडथळा होत नाही, कितीही बारीक केलं तरी शॉट पळतो. उलट कालच भाजलेली कॉफी वायूने फुगते आणि शॉट खळखळत, अडखळत येतो. मध्यम भाजणी ७ ते २१ दिवसांत सगळ्यात वश असते. गडद भाजणी पाचव्या दिवसापासून घेतली तरी चालते.

आता आपल्याकडे तारीख छापणारे रोस्टर, म्हणजे कॉफी भाजून विकणारे, भरपूर आहेत. ब्लू टोकाई आहे, मुंबईत सुबको, आमच्या नागपुरात कॉरिडॉर सेव्हन. २५० ग्रॅमपेक्षा मोठं पाकीट एका माणसाने घेऊ नये. घेतलंच तर १८-१८ ग्रॅमच्या पुड्या हवाबंद करून फ्रीजरमध्ये टाका आणि गोठलेल्या बियाच थेट दळा. पुडी उघडी ठेवून वितळवली तर बियांवर दव धरतं.

सोनटक्का

वऱ्हाडी, बिया नाहीतच! दुकानातून एस्प्रेसोसाठी म्हणून दळून आणलेली आहे. मागे माटुंग्याहून आणलेली चिकोरीवाली फिल्टर कॉफीची पावडरही घातली होती.

वऱ्हाडी_ठसका

मग पुढचं सगळं थांबवा आणि ग्राइंडर येईपर्यंत दुहेरी तळाची बास्केटच वापरा. ती त्यासाठीच असते आणि त्यात कमीपणा नाही. दळलेली कॉफी तासाभरात बदलते. शिवाय दुकानदाराचं एस्प्रेसोचं दळण तुमच्या यंत्राला जुळेल हा निव्वळ योगायोग.

चिकोरी मिसळलेली पावडर मात्र यंत्रात अजिबात नको. चिकोरीतला विरघळणारा भाग कॉफीपेक्षा कितीतरी जास्त. दाबाखाली तिचा चिकट काढा होतो, जाळी तुंबते आणि कॉफीवर पाणी सोडणाऱ्या वरच्या फवारजाळीत तो थर वाळून बसतो. ती पितळी फिल्टरमध्ये सुंदर लागते, तिथेच राहू दे.

उत्तरायण

यंत्राच्या खोक्यावर दाब १५ बार, २० बार लिहिलेला असतो आणि जाणकार सगळे ९ बार म्हणतात. मग ९ कसे करायचे?

कॉफीवेल्हाळ

खोक्यावरचा आकडा पंपाची कमाल ताकद आहे, म्हणजे पाणी पूर्ण अडवलं तर तो किती दाब देईल तेवढी. घरच्या यंत्रांतला कंपन पंप वाहतं पाणी वाढलं की दाब कमी देतो. ग्रुपवर ९ च्या आसपास हवेत. १२-१३ झाले तर चकती इतकी दाबली जाते की पाणी वाट फोडून जातं, आणि बारीक दळणाला यंत्र अजिबात क्षमा करत नाही.

बऱ्याच यंत्रांत जादा दाब सोडणारा झडपेचा भाग असतो, त्याला ओपीव्ही म्हणतात. गाजिया क्लासिकमध्ये त्याची स्प्रिंग बदलून ९ बारवर आणता येतं, त्यासाठी तयार स्प्रिंगा मिळतात. प्लग काढून, यंत्र पूर्ण गार करूनच हात घाला आणि वॉरंटीचा कागद आधी वाचा. लहान यंत्रांत ही सोय सहसा नसते. तिथे उपाय साधा: दळण किंचित जाड ठेवा आणि १:२ ऐवजी १:२.५ काढा. प्रवाह वाढला की दाब आपोआप उतरतो.

नदीकाठ

चवीवरून काय बदलायचं याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नव्या माणसाला आंबट आणि कडू यातच गोंधळ होतो. जिभेच्या कडांना झोंबून तोंडाला पाणी सुटतं ते आंबट. गिळल्यावर मागे रेंगाळतं ते कडू. आणि कच्चं केळं किंवा आवळा खाल्ल्यावर जीभ कोरडी, खरखरीत होते ते तुरट. तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

नुसतं आंबट, अंगाला पातळ, वेळ २० सेकंदांच्या आत: दळण बारीक करा.

आंबट, पण वेळ २८ सेकंद आणि धार व्यवस्थित: दळणाला हात लावू नका. कपात ३६ ऐवजी ४०-४२ ग्रॅम काढा किंवा तापमान वाढवा. हलक्या भाजणीला ९४-९५ अंश लागतात. तापमान बदलता येत नसेल तर पोर्टाफिल्टर नीट तापतोय ना तेवढं पाहा, कारण तिथेच बरेच अंश जातात.

कडू, राखेसारखं, वेळ ३५ च्या पुढे: दळण जाड करा. वेळ बरोबर असूनही कडू असेल तर भाजणी गडद आहे. तापमान ९० पर्यंत उतरवा, ३० ग्रॅमवरच थांबा.

तुरट: इथे सगळे चुकीच्या दिशेला जातात. तुरटपणा बहुतेक वेळा पाणी एका वाटेने घुसल्याचा असतो. त्या वाटेवरची कॉफी नको तेवढी धुऊन निघते आणि बाकीची कोरडी राहते. सरासरी वेळ मात्र अगदी २७ सेकंद दिसते! बारीक करून हे आणखी बिघडतं. एक-दोन टप्पे जाड करा, ढवळण्यावर लक्ष द्या.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर तळ नसलेला पोर्टाफिल्टर घ्या, शिकण्यासाठी याहून चांगली खरेदी नाही. चांगल्या शॉटमध्ये सहा-आठ सेकंदांनी जाळीच्या कडेला गडद तपकिरी थेंब उमटतात, मग ते मध्यभागाकडे सरकत जोडले जातात आणि एकच धार होते, आधी काळपट, मग विटकरी, शेवटी मधाच्या रंगाची. एखाद्या ठिकाणी पाचव्या सेकंदालाच पिवळा ठिपका दिसला की वाट तिथे फुटली. ठिपका रोज त्याच जागी येत असेल तर तुमचा टॅम्पर त्या बाजूला कलतो आहे किंवा फवारजाळीची तेवढी भोकं तुंबली आहेत. चोथ्याची चकती ओली निघाली म्हणून घाबरू नका, त्यावरून चव कळत नाही.

उत्तरायण

वेळ आणि वजन दोन्ही बरोबर असताना सकाळी छान आणि संध्याकाळी वेगळी, असं का होतं? मुंबईत पावसाळ्यात हे फारच जाणवतं.

नदीकाठ

बिया हवेतलं बाष्प ओढतात आणि बाष्प शोषलेल्या बिया वेगळ्या दळल्या जातात. म्हणून ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात बिया भरून ठेवू नका. प्रत्येक वेळी तेवढ्याच मोजून घाला, डबा झडपेचा घ्या. कोकणात, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने दळण अर्धा-एक टप्पा हलवावं लागतं, ते धरूनच चालायचं.

सोनटक्का

पाण्याबद्दल कुणी सांगाल का? आमच्याकडे बोअर आणि आरओ दोन्ही आहे.

वऱ्हाडी_ठसका

बोअरचं पाणी यंत्रात नको. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी थर्मोब्लॉकच्या बारीक नळ्या पांढऱ्या थराने बंद करतं. नुसतं आरओही बरं नाही. क्षार काढून टाकलेल्या पाण्यात कॉफीची आंबट बाजू उघडी पडते, कारण आम्ल सावरायला पाण्यात बायकार्बोनेट उरत नाही. काही बॉयलरमधली पातळी मोजणारी सळई पाण्यातल्या क्षारांच्या विद्युतवहनावर चालते, तीही गोंधळते.

सोपा मार्ग म्हणजे मिश्रण. आरओचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, २५ आणि बोअरचा ५०० असेल तर पाच भाग आरओ, एक भाग बोअर, म्हणजे साधारण १०० येतो. पण टीडीएस मीटर चुना वेगळा दाखवत नाही. जिथे बोअर फार जड आहे तिथे हे करू नका.

नेमका मार्ग: डिस्टिल्ड किंवा अगदी कमी टीडीएसचं आरओ पाणी, आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम खाद्य दर्जाचं पोटॅशियम बायकार्बोनेट. १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा, त्यातले १० मिलि प्रत्येक लिटरला. यात कॅल्शियम नसल्यामुळे थर बसतच नाही. ते मिळालं नाही तर खाण्याचा सोडा ८४ मिलिग्रॅम, आम्ल सावरायची ताकद तेवढीच. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मात्र वापरू नका, ते पिण्यासाठी तयार केलेलं नसतं.

कॉफीवेल्हाळ

पाण्याच्या पाककृतीबद्दल थोडा वेगळा सूर लावतो. यंत्र वाचवण्यासाठी हे पहिल्या दिवसापासून करा, जरूर. पण चवीसाठी पाण्याकडे वळायची घाई नको. दळण हाती येण्याआधी पाणी बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

तांबडं_फुटलं

दुधाचं पण सांगा. आमच्या घरी नुसती एस्प्रेसो पिणारा एकच जण, बाकी सगळे कॅपुचिनोवाले.

नदीकाठ

पिशवीचं पाश्चराइज्ड दूध न उकळता, थेट फ्रीजमधून. उकळलं की साय धरते, प्रथिनांची रचना बदलते आणि फेस खडबडीत येतो. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घन पदार्थ असतात, त्याचा फेस पटकन उभा राहतो. फुल क्रीमचा ६ टक्के स्निग्धांश दाट, गोड लागतो, पण हवा कमी आणि सावकाश घालावी लागते. शिकताना टोन्ड घ्या.

३५० मिलिच्या स्टीलच्या जगात १५० मिलि दूध. वाफेच्या नळीतलं साचलेलं पाणी आधी फडक्यात सोडा. नळीवर प्लास्टिकचं किंवा स्टीलचं जाड आवरण असेल तर तेच मोठे बुडबुडे करतं. निघण्यासारखं असेल तर काढा. टोक पृष्ठभागाच्या जरा खाली, मध्यापासून थोडं बाजूला. कागद फाटल्यासारखा आवाज तीन-चार सेकंद येऊ द्या, जग कोमट लागायच्या आत हवा घालणं संपलं पाहिजे. मग टोक सेंटिमीटरभर खाली नेऊन दूध भोवऱ्यासारखं फिरू द्या. तळाला हात टेकवेनासा झाला की बंद, म्हणजे ६० अंशांच्या आसपास. ७० च्या पुढे गोडवा जातो आणि शिजलेल्या दुधाचा वास येतो. नळी लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा वाफ सोडा, आत ओढलेलं दूध तिथेच नासतं.

एकाच बॉयलरचं यंत्र असेल तर आधी शॉट, मग वाफ. उलट केलं तर बॉयलर वाफेच्या तापमानाला असतो आणि कॉफी करपते. पाहुणे चार असतील तर दर दूध तापवल्यावर ग्रुपमधून पाणी सोडून बॉयलर उतरवा, फुसफुसणं थांबलं की पुढचा शॉट.

उत्तरायण

रोबस्टा जातीची कॉफी मिसळावी का? सगळीकडे १०० टक्के अरेबिका जातच सांगतात.

वऱ्हाडी_ठसका

दुधातल्या कॉफीला जरूर मिसळा, २० ते ३० टक्के. भारतात अरेबिकापेक्षा रोबस्टाच जास्त पिकते आणि आपल्या कॉफीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत इटली पहिल्या रांगेत आहे. तिथल्या मिश्रणांत आपली धुतलेली रोबस्टा जाते ती क्रेमा आणि अंगासाठीच. 'कापी रॉयल' नावाने विकली जाते ती त्यातली वरच्या प्रतीची. कॅफिन जवळपास दुप्पट, एवढं लक्षात ठेवा. मिश्रणाला ९०-९१ अंश आणि १८ ग्रॅमवर ३२ ग्रॅम.

बे_एरियातून

अमेरिकेतून भावासाठी यंत्र आणायचा विचार आहे. इथे स्वस्त पडतं. काही अडचण?

कॉफीवेल्हाळ

आणू नका. तिथलं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि इथलं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. १३००-१५०० वॅटच्या हीटरला पुरेल असा रोहित्राचा ठोकळा ओट्यावर ठेवावा लागेल, आणि तो फक्त व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. कंपन पंप विजेच्या आवर्तनावर चालतो, म्हणजे सेकंदाला ६० ऐवजी ५० ठोके, पाणी साधारण सहाव्या हिश्शाने कमी. सुटे भागही इथल्या मापाचे मिळणार नाहीत.

त्याऐवजी हाताचा चांगला ग्राइंडर आणा. किंवा फ्लेअर, कॅफेलॅट रोबोटसारखं हाताने दाबायचं यंत्र. त्यांना वीज लागतच नाही, उकळतं पाणी पुरतं, आणि दाबाचा काटा असलेलं घेतलं तर भावाला ९ बार हातालाच कळतील. आणि इथे घेतलेल्या विजेच्या यंत्राला स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा प्लग आहे का ते आधी पाहायला सांगा. ६ अँपिअरच्या सॉकेटवर मल्टिप्लग लावून १४५० वॅट चालवलं तर सॉकेट वितळतो.

सोनटक्का

ग्राइंडर मागवला आहे, बियाही. यंत्रावर मागे चिकोरीची पावडरही चालली, तर आधी काय साफ करू?

नदीकाठ

फवारजाळीचा मधला स्क्रू काढा, जाळी आणि बास्केट कॉफीच्या यंत्रांसाठी मिळणाऱ्या डिटर्जंटच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, ब्रशने घासा. ग्रुपच्या आतला रबरी वॉशर कडक झाला असेल तर बदला, त्याची जाडी जुन्यावरून मोजून घ्या. आंधळी, म्हणजे भोकं नसलेली जाळी लावून डिटर्जंट उलटा ढकलायची पद्धत शॉटनंतर उरलेला दाब सोडणारा तीन-मार्गी व्हॉल्व्ह असलेल्या यंत्रालाच करायची. तो व्हॉल्व्ह असला की शॉट संपताच ठिबकपात्रात पाण्याचा फुस्स आवाज येतो. तुमच्या यंत्राला नसेल तर शॉटनंतर पोर्टाफिल्टर लगेच उघडू नका, आतला दाब गरम चोथा अंगावर उडवतो, अर्धा मिनिट थांबा.

क्षारांसाठी सायट्रिक ॲसिड लिटरमागे २० ग्रॅम. पण पुस्तिकेत आपल्या बॉयलरला ते चालतं का ते पाहून, कारण ॲल्युमिनियमला ते बोचतं. अर्धं पाणी काढा, वीस मिनिटं थांबा, उरलेलं काढा, मग दोन टाक्या साधं पाणी. व्हिनेगर नको, त्याचा वास रबरात मुरतो.

सोनटक्का

करते. पहिल्या तीन शॉटचं वजन, वेळ आणि चव इथेच लिहीन. बिया चिकमगळूरच्या, मध्यम भाजणी, भाजून नऊ दिवस.

कॉफीवेल्हाळ

उत्तम. १४ ग्रॅमवरून ३० काढा, २८ नको. सोबत ग्राइंडरचा टप्पा शून्यापासून मोजून लिहा, म्हणजे ५१ मिमीच्या बाकीच्यांनाही वापरता येईल.